कमावलेले शरीर आणि बंद मैदाने

इसवी सन २०२० च्या मार्च महिन्याची २४ तारीख क्रीडेच्या इतिहासात दोन निर्णयांमुळे नोंदली गेली आहे. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष थॉमस बाख यांच्या विचारविनिमयानंतर टोकियोचे ऑलिंपिक सामने कोरोनाच्या साथीमुळे पुढील वर्षापर्यंत तहकूब झाल्याचे त्या दिवशी जाहीर झाले. आणि त्याच रात्री भारत सरकारने मध्यरात्रीपासून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी पुकारली. १९१६, १९४० आणि १९४४ या तीन वर्षी महायुद्धांमुळे ऑलिंपिक सामने रद्द झाले होते. परंतु ते पुढे ढकलण्याची पाळी त्यापूर्वी कधीही आली नव्हती. वर्षानुवर्षे ज्या एका दिवसाकडे दृष्टी लावून खेळाडूने आपले शरीर कमावले, तो दिवस एका निर्णयाने वर्षभर दूर गेला, आणि ज्या मैदानात, ज्या तलावात, ज्या आखाड्यात ते शरीर कमावले जात होते, त्यांची दारे दुसऱ्या निर्णयाने बंद झाली. साध्य आणि साधन ही दोन्ही अशी एकाच दिवशी दुरावण्याचा प्रसंग शांततेच्या काळात क्वचितच आला असेल.

महाराष्ट्रात तर त्यापूर्वीच, मार्चच्या मध्यावर, साथरोग कायद्याचा अंमल जारी झाला होता. हा कायदा १८९७ सालचा. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले असता तत्कालीन सरकारने तो घाईने केला होता. रोगाचा संसर्ग माणसामाणसांच्या सान्निध्यातून होत असल्यामुळे माणसांना काही काळ एकमेकांपासून दूर ठेवणे प्राप्तच होते, आणि त्या निर्बंधांची आवश्यकता नाकारण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु आवश्यक निर्बंधाचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि ती कोणी, किती व कशी मोजली याचा हिशेब संकट सरल्यावर शांतपणे मांडणे हे समाजाचे कर्तव्य असते. खेळाडूच्या शरीराने मोजलेली किंमत हा त्या हिशेबातील एक लहान पण अतिशय बोधप्रद भाग आहे.

तो समजून घेण्यासाठी प्रथम शरीराचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. आपले शरीर काटकसरी कारभाऱ्यासारखे वागते: ज्या खात्याची मागणी रोज येते त्याला ते सढळ हाताने पुरवठा करते, आणि मागणी थांबताच त्या खात्याचा खर्च कमी करावयास लागते. धावणाऱ्याचे विशाल हृदय, मल्लाची जाड मान, जलतरणपटूचे रुंद खांदे ही निसर्गाने एकदाच दिलेली कायमची इनामे नव्हेत. दररोजच्या श्रमाच्या बदल्यात शरीराने केलेली ती तजवीज असते, आणि श्रम थांबले की ती हळूहळू परत घेतली जाते.

ही परतफेड किती वेगाने होते याचे मोजमाप शास्त्रज्ञांनी या साथीच्या कितीतरी आधी करून ठेवले होते. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावण्यात आले, तेव्हा त्यांची प्राणवायू ग्रहण करण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपल्याकडे सामान्यपणे ज्याला दम म्हणतात त्याचे शास्त्रीय माप, चतुर्थांशाहून अधिक घटली. याच पाच जणांची तीस वर्षांनंतर पुन्हा तपासणी झाली, आणि मधल्या तीस वर्षांच्या वयोमानाने जे नुकसान केले होते ते त्या तीन आठवड्यांच्या नुकसानीपेक्षा कमी भरले! अर्थात टाळेबंदीतला खेळाडू अंथरुणाला खिळलेला नव्हता. म्हणून त्याच्या स्थितीला अधिक जवळचा असा प्रयोग एडवर्ड कॉइल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला आहे. दीर्घकाळ कसून सराव केलेल्या सात जणांनी आपला व्यायाम थांबवला, बाकी नित्याचे जीवन चालू ठेवले, आणि संशोधक त्यांच्या शरीराची ठरावीक मुदतीने नोंद घेत राहिले. एकवीस दिवसांत त्यांची कमाल क्षमता ७ टक्क्यांनी आणि छपन्न दिवसांत १६ टक्क्यांनी उतरली, व तेथे येऊन स्थिरावली. भारतातील पहिली टाळेबंदी नेमकी एकवीस दिवसांची होती, आणि तिला मुदतवाढ मिळत मिळत छपन्नावा दिवस मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आला, हे लक्षात घेतले म्हणजे या जुन्या आकड्यांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

हा ऱ्हास एका क्रमाने होतो, आणि तो क्रम मोठा मननीय आहे. सर्वांत आधी कमी होतो तो रक्तातील द्रवभाग. सरावामुळे वाढलेला रक्ताचा साठा पहिल्या काही दिवसांतच ओसरू लागतो; परिणामी हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर पडणारे रक्तही कमी होते, आणि तेवढीच चाल राखण्यासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. कॉइल यांच्या प्रयोगात प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर पडणाऱ्या रक्तातील ही घट बहुतांशी पहिल्या बारा दिवसांतच झाली होती. त्यानंतर स्नायूंच्या पेशींतील तंतुकणिकांची, म्हणजे प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घटकांची, कार्यशक्ती काही आठवड्यांच्या अवधीत खालावते. परंतु स्नायूंत पसरलेले केशवाहिन्यांचे जाळे त्या प्रयोगात चौऱ्याऐंशी दिवसांनंतरही अभंग राहिले होते. स्नायूंचे निव्वळ बळ तर आणखी चिवट. चार आठवडे विश्रांती घेतल्यानेही त्यात फारशी उणीव येत नाही. दम लवकर जातो, ताकद उशिरा जाते, हे तालमीतील जुने वस्ताद अनुभवाने जाणत आले आहेत, आणि प्रयोगशाळेने त्याच अनुभवाला आकड्यांचा आधार दिला आहे.

याच शास्त्राने एक आशेची वाटही दाखवून ठेवली होती. अमेरिकेतील रॉबर्ट हिक्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत असे दाखवून दिले की, आठवड्यातून सहा दिवस चालणारा सराव दोन दिवसांवर आणला, किंवा चाळीस मिनिटांचा तेरा मिनिटांवर आणला, तरी कमावलेला दम कित्येक आठवडे टिकून राहतो. मात्र सरावाची तीव्रता उतरू देता कामा नये. तीव्रता उतरली की दिवस आणि मिनिटे तीच ठेवूनही दम उतरतो. याचा अर्थ असा की, घरात अडकलेल्या खेळाडूला तासन्‌तास मंद हालचाल करण्यापेक्षा थोडा वेळ का होईना, पण छाती भरून येईल असा श्रम मिळणे अगत्याचे होते. प्रश्न एवढाच उरतो की, तसा श्रम करण्याची सोय कोणाकोणाला होती?

या प्रश्नाचे उत्तर खेळागणिक भिन्न आहे, आणि त्या भिन्नतेतच या प्रकरणाचे सार आहे.

धावणाऱ्यांपासून आरंभ करू. ज्याला रस्ता, टेकडी किंवा रानवाट मोकळी होती, त्याचे शरीर या काळात फारसे उणावले नाही. किंबहुना स्पर्धा आणि प्रवास थांबल्यामुळे त्याला अखंड सरावाची अपूर्व संधी मिळाली. युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेई याने १४ ऑगस्ट २०२० रोजी मोनॅको येथे ५००० मीटरचे अंतर १२ मिनिटे ३५.३६ सेकंदांत आणि ७ ऑक्टोबर रोजी व्हॅलेन्सिया येथे १०,००० मीटरचे अंतर २६ मिनिटे ११ सेकंदांत काटले, आणि केनेनिसा बेकेले याचे पंधरा-सोळा वर्षे अबाधित असलेले दोन्ही विश्वविक्रम एकाच मोसमात मागे पडले. नव्या धर्तीच्या पादत्राणांचा आणि धावपट्टीच्या कडेने पुढे सरकणाऱ्या दिव्यांचा यात वाटा होता हे खरे. परंतु शरीर सज्ज नसते तर दिव्यांमागे धावणार कोण? आपल्याकडे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे, जो मूळचा अडथळ्यांच्या शर्यतीचा धावपटू, त्याने २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीची अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पुरी केली, आणि ते अंतर एकसष्ट मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला भारतीय ठरला. पुढे टोकियोत त्याने ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रमही नोंदवला.

याच्या अगदी उलट दशा जलतरणपटूंची झाली. पाण्यात शरीर आडवे असते, त्याचा भार पाणी वाहते, श्वास हातांच्या आवर्तनाशी बांधलेला असतो, आणि तळहाताला पाण्याची जी सूक्ष्म पकड साधावी लागते ती जमिनीवरच्या कोणत्याही व्यायामाने साधत नाही. भारतात क्रीडासंकुले प्रेक्षकांविना उघडण्याची मुभा केंद्र सरकारने मे २०२० मध्येच दिली; परंतु खेळाडूंच्या सरावासाठी जलतरण तलाव उघडण्यास १५ ऑक्टोबर उजाडावा लागला. म्हणजे जवळजवळ सात महिने या देशाचे जलतरणपटू पाण्यावाचून राहिले. कोल्हापूरचा वीरधवल खाडे, ज्याने २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले होते, त्याने जून महिन्यात निवृत्तीचा विचार करावा लागेल अशी व्यथा जाहीरपणे मांडली. ज्या वयात खेळाडू आपल्या शेवटच्या मोठ्या संधीकडे पाहत असतो, त्या वयात सात महिन्यांचा खंड शरीर सहजी भरून काढीत नाही, हे जाणणाऱ्या माणसाची ती व्यथा होती. ज्यांना पाणी परदेशी मिळाले त्यांची कथा निराळी झाली. साजन प्रकाश थायलंडमध्ये अडकून पडला, मानेच्या दुखण्याने बेजार झाला, आणि पुढे दुबईत सरावास लागला. श्रीहरी नटराज यालाही सरावासाठी दुबईस पाठविण्यात आले. जून २०२१ मध्ये रोम येथे साजनने २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहून ऑलिंपिकची थेट पात्रता मिळविली, जी त्यापूर्वी एकाही भारतीय जलतरणपटूला साधली नव्हती. आणि श्रीहरीनेही पाठोपाठ तोच टप्पा गाठला. त्या सात महिन्यांत भारतात तलावांच्या बंद दारांशी खोळंबलेल्या मुलामुलींपैकी कितीजण असा टप्पा गाठू शकले असते, हे आता कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

ज्यांचा खेळ ताकदीचा, त्यांची हानी वेगळ्या ठिकाणी झाली. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत मीराबाई चानूसह अनेक खेळाडू आपापल्या खोल्यांत अडकून होते. स्नायूंचे बळ चिवट असते हे वर सांगितलेच आहे. पण वजन उचलण्याच्या कलेत बळाइतकेच महत्त्व सांध्यांच्या मोकळेपणाला आणि दोन्ही अंगांच्या समतोलाला असते. सराव पुन्हा सुरू झाल्यावर मीराबाईला पाठीचा आणि उजव्या खांद्याचा त्रास जाणवू लागला, आणि उपचारांसाठी तिला अमेरिकेस जावे लागले. त्यातून सावरून तिने एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंद येथे क्लीन अँड जर्क प्रकारात ११९ किलोंचा विश्वविक्रम केला, आणि २४ जुलै रोजी टोकियोत एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले. बंगळुरूच्या क्रीडा प्राधिकरणाच्या आवारात मुक्कामास असलेल्या हॉकीच्या संघांनीही कित्येक आठवडे मैदानाऐवजी खोलीतच व्यायाम केला. त्यातील पुरुषांच्या संघाने पुढे एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक आणले आणि महिलांचा संघ चौथा आला. तहकूब झालेले ते एक वर्ष शरीर पुन्हा बांधण्यासाठी त्यांना उपयोगी पडले, आणि त्या अवधीत त्यांच्यापाशी प्रशिक्षक, वैद्य आणि आहार यांची सरकारी तजवीज होती.

आता ज्यांच्यापाशी अशी कोणतीच तजवीज नव्हती त्यांच्याकडे वळू, आणि त्यासाठी कोल्हापुराइतके योग्य स्थळ नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय देऊन, त्यांच्या खुराकाची सोय लावून आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभारून ज्या विद्येला प्रतिष्ठा दिली, ती विद्या आजही तालमींत राहणाऱ्या खेड्यापाड्यांतील मुलांच्या बळावर जगते. गावाकडचा शेतकरी पोटाला चिमटा घेऊन मुलाला तालमीत ठेवतो. मुलगा पहाटे उठून जोर-बैठका काढतो, धावतो, दोर चढतो, मग आखाड्यात उतरून जोडीदारांशी लढती करतो. आणि दूध, तूप, बदाम, थंडाई यांच्या खुराकाचा खर्च गावोगावच्या जत्रांतील मैदानांत मिळणाऱ्या इनामांतून बराचसा भागवतो. गुढीपाडव्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत या जत्रांचा हंगाम ऐन भरात असतो. २०२० साली टाळेबंदी आली ती याच हंगामाच्या उंबरठ्यावर. तालमी ओस पडल्या, मुले गावी परतली, जत्रा रद्द झाल्या, आणि पुढल्या वर्षी दुसऱ्या लाटेने तोच हंगाम पुन्हा गिळला.

गावी गेलेला मल्ल आळशी बसला असे मात्र नाही. त्याने शेतात घाम गाळला, अंगणात जोर मारले, बांधावरून धावला. तरीही त्याचे कमावलेले शरीर झिजले, कारण कुस्तीचे शरीर जोडीदारावाचून टिकत नाही. समोरच्याचे वजन, त्याची ओढ, त्याचा अनपेक्षित डाव यांना उत्तर देताना मानेचे, मनगटाचे आणि कमरेचे स्नायू ज्या तऱ्हेने ताणले जातात, श्वास कोंडून जोर लावण्याची आणि लगेच सैल होण्याची जी सवय लागते, ती एकट्याच्या मेहनतीने राखता येत नाही. आणि अंगाला अंग भिडणे हाच ज्या खेळाचा प्राण, त्यावर शारीरिक अंतराच्या नियमाचा आघात सर्वांत कठोर होणे अटळच होते. त्यात इनामे थांबल्याने खुराक आटला. ज्यांच्या घरी दूधदुभते होते त्यांची वजने, खाणे तेच आणि मेहनत कमी झाल्यामुळे, नको तेथे वाढली. ज्यांच्या घरी नव्हते त्यांची उतरली. महाराष्ट्र केसरीची गदा जानेवारी २०२० मध्ये बालेवाडी येथे दिली गेली, ती पुढे एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यास. मल्लाच्या उमेदीच्या आठदहा वर्षांतील ही दोन वर्षे होत, आणि अठराव्या वर्षी तालमीतून घरी परतलेला मुलगा विसाव्या वर्षी पुन्हा तालमीत येतोच असे नाही.

निर्बंध उठल्यानंतरचा काळ निर्बंधांइतकाच धोक्याचा असतो, हेही येथे सांगितले पाहिजे. स्नायू काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात. परंतु त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे यांची बांधणी फार सावकाश होते. उत्साहाच्या भरात स्नायू ओढ घेतात आणि कंडरेला ती सोसत नाही. २०११ साली अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघटनेत मालक आणि खेळाडू यांच्यातील तंट्यामुळे खेळाडूंना साडेचार महिने संघांच्या व्यायामशाळांत प्रवेशबंदी होती. तंटा मिटून सराव सुरू होताच पहिल्या बारा दिवसांत दहा खेळाडूंच्या टाचेमागच्या कंडरा तुटल्या. हा धडा ताजा असतानाही घाई टळली नाही. जर्मनीतील बुंडेसलिगा स्पर्धेला ६ मे २०२० रोजी परवानगी मिळाली, आणि दहा दिवसांत सामने सुरू झाले. पहिल्याच दिवशी डॉर्टमुंडचा तरुण खेळाडू जिओ रेना सामन्यापूर्वी अंग मोकळे करतानाच जायबंदी झाला. फुटबॉलच्या नियामक मंडळाने मात्र त्याच सुमारास तीनऐवजी पाच बदली खेळाडूंची सवलत दिली, हे दूरदृष्टीचे झाले. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही अशीच सावधगिरी दाखवून वेगवान गोलंदाजांसाठी कसोटी सामन्यापूर्वी आठ ते बारा आठवड्यांच्या तयारीची शिफारस केली, कारण धावत येऊन वेगाने चेंडू टाकताना कमरेच्या मणक्यांवर येणारा ताण सोसण्यास हाडांना वेळ लागतो. पालघरचा शार्दूल ठाकूर मे महिन्याच्या अखेरीस बोईसरच्या मैदानावर पुन्हा गोलंदाजीस लागला, तेव्हा प्रत्यक्ष सामना अद्याप महिनोन्‌महिने दूर होता. अशी सवड मिळाली म्हणजे शरीर आपल्या गतीने सावरते.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि तीच या प्रकरणाचे प्रतिपाद्य आहे. आपण खेळाडूच्या शरीरसामर्थ्याला त्याचा वैयक्तिक गुण समजतो. त्याच्या जिद्दीचे, निग्रहाचे, तपश्चर्येचे फळ मानतो. साथीच्या काळात जिद्दीची वाण कोणालाच नव्हती. डोंगरावर धावणारा आणि पाण्यावाचून तळमळणारा, संस्थेच्या आवारात सुरक्षित असलेला आणि गावी बांधावर जोर मारणारा, यांच्या निग्रहात उणेअधिक काही नव्हते. फरक होता तो जागेचा, पाण्याचा, जोडीदाराचा, अन्नाचा आणि परतण्यासाठी मिळालेल्या मुदतीचा. या पाचही गोष्टी एकट्याच्या हातच्या नाहीत. त्या समाजाने आणि सरकारने निर्माण केलेल्या व सांभाळलेल्या असतात. कमावलेले शरीर ही अशा अर्थाने सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिची निगा राखण्याची जबाबदारीही सार्वजनिक आहे.

म्हणून पुढील साथ येईल तेव्हा, आणि ती येणार नाही असे कोणीही म्हणू शकत नाही, बंदोबस्ताच्या हुकमांतच काही कलमे आरंभापासून असावीत. मैदाने आणि तलाव सरसकट बंद न करता खेळाडूंना ठरलेल्या वेळी, मोजक्या संख्येने, आठवड्यातून दोनदा तरी कसून श्रम करण्याची मुभा असावी, कारण तेवढ्याने दम टिकतो हे सिद्ध झालेले आहे. कुस्ती, कबड्डी, ज्यूदो यांसारख्या खेळांत एकत्र राहणाऱ्या जोडीदारांचे लहान गट मान्य करावेत. जत्रा आणि स्पर्धा रद्द कराव्या लागतील तेव्हा त्यांवर पोट भरणाऱ्या मल्लांना खुराकाचा भत्ता मिळावा. शतकापूर्वी एका संस्थानाला जे जमले ते आजच्या राज्याला अवघड नाही. आणि निर्बंध उठल्यावर सामन्यांच्या तारखा मुक्रर करताना तिकिटांच्या उत्पन्नाआधी कंडरांच्या आणि हाडांच्या गतीचा विचार व्हावा. ही कलमे मोठ्या खर्चाची नाहीत आणि रोगाच्या बंदोबस्तालाही बाधक नाहीत. ती लिहून ठेवण्याची वेळ मात्र साथ ओसरलेली असतानाची, म्हणजे आताची आहे.